विश्लेषण : वर्षातून एक दिवस पायी… लक्ष्मी रस्ता रोज चालण्याजोगा होईल का?

दरवर्षी ११ डिसेंबरला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर वाहने थांबतात आणि माणसे रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुचाकींच्या रांगा, हॉर्न आणि अंग चोरून वाट काढणारे ग्राहक. जुन्या बाजारपेठेचा रस्ता कायमचा चालण्याजोगा करायचा तर नेमके काय करावे लागते? व्यापाऱ्यांची भीती कितपत खरी आहे? दिल्ली, चेन्नई आणि बंगळूरुचे अनुभव काय सांगतात?

‘पादचारी दिन’ काय आहे?

पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबर हा ‘पादचारी दिन’ म्हणून पाळायला सुरुवात केली. त्यासाठी निवड झाली ती लक्ष्मी रस्त्याची. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा गजबजलेला टप्पा त्या दिवशी वाहनांसाठी बंद ठेवला जातो. रस्त्यावर बसायला बाकडी येतात, मुलांसाठी खेळ मांडले जातात, दुकाने मात्र नेहमीसारखी सुरू राहतात.

हा उपक्रम अचानक उगवलेला नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. त्याच सुमारास शहरातील रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वेही तयार केली. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बाके आणि झाडांच्या कडेने बसण्याच्या जागा झाल्या, त्या याच विचारातून. मात्र जंगली महाराज रस्ता मुळातच रुंद. पेठांमधला लक्ष्मी रस्ता तसा नाही. धोरण कागदावरून अरुंद, जुन्या आणि खऱ्या अर्थाने बाजाराच्या रस्त्यावर उतरू शकते का, याची कसोटी इथे लागते.

त्याआधी कॅम्पातील महात्मा गांधी रस्त्यावरही शनिवार-रविवारी संध्याकाळी वाहने थांबवून ‘वॉकिंग प्लाझा’ चालवण्यात आला होता. पुणेकरांनी तो आवडीने अनुभवला, पण प्रयोग टिकला नाही. त्यामुळे एक दिवसाच्या उत्साहाचे रोजच्या व्यवस्थेत रूपांतर का होत नाही, हा प्रश्न पुण्याला नवा नाही.

लक्ष्मी रस्त्याचे दुखणे नेमके काय?

सराफी पेढ्या, साड्यांची आणि कापडाची दुकाने, जवळच तुळशीबाग, पलीकडे मंडई, बाजीराव रस्त्याने थोडे पुढे गेले की अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची बाजारपेठ. लग्नाचा बस्ता बांधायचा तर लक्ष्मी रस्ता, हे समीकरण पुण्यातच नव्हे तर आसपासच्या जिल्ह्यांतही अनेक पिढ्या रूढ आहे.

या बाजारपेठेची घडण झाली तेव्हा ग्राहक पायी, टांग्याने किंवा सायकलवर येत. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, तळमजल्यावर दुकाने वाढली, वर घरे, दवाखाने, वकिलांची कार्यालये आली. रस्त्याची रुंदी मात्र जवळपास तेवढीच राहिली. आज तोच रस्ता एकाच वेळी अनेक कामे करतो. तो बाजार आहे, पूर्वेकडून पश्चिमेकडे शहर ओलांडण्याचा मार्ग आहे, वाहनतळ आहे, फेरीवाल्यांच्या पोटापाण्याची जागा आहे, माल उतरवण्याचा धक्का आहे आणि रहिवाशांच्या घराचे अंगणही आहे. अनंत चतुर्दशीला तो विसर्जन मिरवणुकीचा मुख्य मार्ग होतो.

यात सर्वाधिक जागा व्यापतात ती वाहने, आणि त्यातलीही बरीचशी या बाजारात काहीही खरेदी न करणारी. पलीकडच्या पेठेत किंवा नदीपार जाण्यासाठी लक्ष्मी रस्ता धरणारा वाहनचालक दुकानदाराच्या गल्ल्यात एक रुपयाही टाकत नाही. तो गर्दी, धूर आणि आवाज मात्र ठेवून जातो.

दुसरीकडे ग्राहकाला पर्याय मिळाले आहेत. उपनगरांत मोठ्या पेढ्यांच्या आणि साड्यांच्या दुकानांच्या शाखा निघाल्या, मॉल आले, मोबाइलवरची खरेदी आली. मॉलचे यश कशात आहे, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. ग्राहक तिथे मोटारीने जात असेलही, पण आत शिरल्यावर तो पायीच फिरतो. दुकानासमोर गाडी लावण्याचा हट्ट तिथे कोणी धरत नाही. सपाट जमीन, बसायला जागा, स्वच्छतागृह आणि अंगावर येणारी वाहने नाहीत, एवढ्या चार गोष्टींसाठी माणसे तिथे तासन् तास रेंगाळतात. जुन्या बाजारपेठेत मालाची विविधता, घासाघीस आणि ओळखीचा दुकानदार आहे. उणीव आहे ती नेमकी या चार गोष्टींची.

रस्ता ‘चालण्याजोगा’ केव्हा म्हणायचा?

केवळ वाहने बंद केली की रस्ता चालण्याजोगा होत नाही, आणि वाहने सुरू असूनही तो चालण्याजोगा असू शकतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची निर्धोक, मोकळी जागा हवी. दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील, हा त्यामागचा हिशेब. बाजारपेठेत ही रुंदी त्याहून जास्त हवी. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. पदपथ गुडघाभर उंच केला की वाहने चढत नाहीत हे खरे, पण गुडघे दुखणाऱ्या आजीही चढत नाहीत. मग त्या खाली उतरून वाहनांच्या शेजारून चालतात.

चांगल्या बाजार रस्त्याच्या पदपथाचे तीन पट्टे मानले जातात. दुकानालगतचा पहिला पट्टा पायऱ्या, दर्शनी कपाटे आणि रेंगाळणाऱ्या ग्राहकांसाठी. मधला पट्टा फक्त चालण्यासाठी. त्यात खांब, रोहित्र, फलक, पाटी काहीही नको. रस्त्याकडेचा तिसरा पट्टा झाडे, दिवे, बाके, बसथांबा आणि परवानाधारक फेरीवाल्यांसाठी. आपल्याकडे बहुतेक पदपथांवर हे तिन्ही पट्टे एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामुळे पदपथ असूनही चालता येत नाही.

हा प्रश्न सोयीपुरता नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक माणूस पायी चालत होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळाविरहित, वापरण्याजोग्या पदपथांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ते पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत, असेही न्यायालयाने म्हटले. त्यामुळे पदपथ ही महापालिकेने सवडीने द्यायची सुविधा राहिलेली नाही.

व्यापाऱ्यांचा विरोध कशासाठी?

‘गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही’ हा व्यापाऱ्यांचा मुख्य आक्षेप. त्याला हसण्यावारी नेणे चूक ठरेल. लाखभराचे दागिने घेऊन निघालेल्या कुटुंबाला अर्धा किलोमीटर चालणे धोक्याचे वाटू शकते. बस्त्यासाठी गावाकडून आलेली मंडळी जीपगाडीतून उतरतात तेव्हा त्यांच्यात वयस्क माणसे असतात, लहान मुले असतात आणि परतताना हातात गाठोडी असतात. पावसाळ्यात साडीची पिशवी सांभाळत चालणे सोपे नसते. माल उतरवण्याचा प्रश्न वेगळाच.

आणखी एक भीती खोदकामाची आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे. नाशिकमध्ये अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका या १.१ किलोमीटरच्या ‘स्मार्ट रस्त्या’चे काम लांबत गेले. नागरिक आणि दुकानदार त्रस्त झाले. नव्या रस्त्याचा फायदा पाच वर्षांनी मिळेलही, पण दोन दिवाळ्या बुडाल्या तर छोटा दुकानदार तोवर टिकणार कसा, हा सवाल रास्त आहे.

मात्र ‘दुकानासमोरची गाडी म्हणजे गिऱ्हाईक’ हे गृहीतक तपासून पाहायला हवे. उभी मोटार साधारण बारा चौरस मीटर जागा घेते. तेवढ्या जागेत सहा दुचाकी मावतात. सकाळी दहाला उभी केलेली मोटार रात्री आठला हलली, तर दिवसभरात त्या जागेचा उपयोग एकाच गाडीला झाला. दर तासाला गाडी बदलली तर दहा गाड्यांना होईल. बाजारपेठांमध्ये दिवसभर न हलणारी वाहने बहुधा कोणाची असतात, हे दुकानदारांनाही ठाऊक असते. ती मालकांची, कामगारांची किंवा वरच्या मजल्यावरच्या कार्यालयांतील असतात. म्हणजे दुकानासमोरची जागा गिऱ्हाइकासाठी राखल्याचे वाटते, प्रत्यक्षात ती गिऱ्हाइकालाच मिळत नाही.

जगभर सुरुवातीचा विरोध असाच होता. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा बाजार रस्ता १९६२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर वाहनांसाठी बंद झाला, तेव्हा व्यापाऱ्यांचा त्याला कडवा विरोध होता. थंड हवेच्या या शहरात लोक रस्त्यावर रेंगाळणारच नाहीत, असे म्हटले जात होते. दोन वर्षांनी तो बदल कायम झाला. आज सुमारे १.१ किलोमीटरचा हा रस्ता शहरातील सर्वात गजबजलेल्या बाजारांपैकी एक आहे. वास्तुरचनाकार यान गेल यांनी तिथे माणसे किती चालतात, किती वेळ थांबतात, कुठे बसतात याच्या वर्षानुवर्षे नोंदी केल्या. वाहनांची गणना सगळीच शहरे करत होती. माणसांची गणना करून त्यावरून रस्त्याचे निर्णय घेणे हा त्यातला खरा धडा.

देशातील शहरांचा अनुभव काय?

दिल्लीतील चांदणी चौक हा मुघलकालीन बाजार. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत तिथे मोटारवाहनांना बंदी आहे, सायकलरिक्षा चालतात. मालवाहतूक रात्री. डोक्यावर लोंबणाऱ्या वीजतारा जमिनीखाली गेल्या, रुंद पदपथ आले. पहिले काही महिने कौतुकाचे गेले. त्यानंतर मोटारगाड्यांची आणि दुचाकींची घुसखोरी, तुटलेले खांब, पुन्हा वाढलेली अतिक्रमणे आणि अस्वच्छता यांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्या करणाऱ्यांत व्यापारीही होते. वाहने परत आणा, असे म्हणण्याऐवजी नियम पाळा आणि रस्ता नीट राखा, असा त्यांच्या तक्रारींचा मोठा रोख होता. बांधकाम करणारी यंत्रणा काम उरकून निघून जाते, रोजची जबाबदारी मात्र कोणा एकाची राहत नाही, हे चांदणी चौकाने दाखवले.

चेन्नईच्या टी. नगरमधील पाँडी बाजार म्हणजे साड्या आणि सोन्याची दक्षिणेतील मोठी पेठ, त्यामुळे लक्ष्मी रस्त्याशी तिची तुलना सर्वात जवळची. येथील त्यागराय रस्त्यावर सुमारे ४० कोटी रुपये खर्चून उभारलेला पादचारी चौक नोव्हेंबर २०१९ मध्ये खुला झाला. तिथे वाहने पूर्ण बंद केली नाहीत. वाहनांसाठी मर्यादित मार्गिका ठेवून दोन्ही बाजूंचे पदपथ भरपूर रुंद करण्यात आले. जवळ बहुमजली वाहनतळ उभारण्यात आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रस्त्याला हात लावण्याच्या कितीतरी आधी, २०१३ मध्ये, तिथल्या सहाशेच्या आसपास फेरीवाल्यांना त्याच रस्त्यावरील व्यापारी संकुलात जागा देण्यात आली होती. कामाचा हा क्रम महत्त्वाचा ठरला.

बंगळूरुचा चर्च स्ट्रीट हा ब्रिगेड रोडला लागून असलेला छोटा रस्ता. २०१८ मध्ये तो दगडी फरसबंदीसह नव्याने तयार झाला. करोनाकाळात, नोव्हेंबर २०२० पासून काही महिने, शनिवार-रविवारी तो वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला. लोकांनी गर्दी केली. पण प्रयोगाची मुदत संपली आणि वाहने परतली. प्रयोग आवडणे आणि तो कायम होणे यांत अंतर असते. ते अंतर भरून काढणारा अधिकृत निर्णय वेळीच झाला नाही, तर उत्साह ओसरतो.

फेरीवाल्यांचे काय होणार?

रस्ता ‘सुंदर’ करायचा ठरला की पहिली कुऱ्हाड फेरीवाल्यांवर येते. पदपथ अडवल्याचा ठपका त्यांच्यावर सहज ठेवता येतो, कारण त्यांची टोपली हलवता येते. दुकानाचे बाहेर आलेले दोन फूट आणि पदपथावर चढवलेली दुचाकी हलवणे त्याहून कठीण असते.

कायदा मात्र वेगळे सांगतो. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विद्यमान फेरीवाल्यांना हटवता येत नाही. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी व्हायला हवे. कुठे विक्री करता येईल आणि कुठे नाही हे ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीचे मत महत्त्वाचे. तिच्या सदस्यांपैकी किमान ४० टक्के फेरीवाल्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत आणि त्या प्रतिनिधींत एकतृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद आहे.

लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबाग परिसरात हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. गजरा, केसांच्या पिना, रुमाल, कानातले, ताजी लिंबे हे विकणारे नसतील तर त्या बाजाराचा अर्धा जीव जाईल. मोठ्या दुकानात साडी घेणारी बाई जुळणाऱ्या बांगड्या बाहेरच घेते. मात्र फेरीवाल्याने चालण्याचा मधला पट्टा अडवला की सर्वात आधी त्रास होतो तो पादचाऱ्यालाच. त्यामुळे आखलेली जागा, ठरलेला आकार आणि प्रमाणपत्र या तिन्हींची सांगड घालावी लागेल. ती रस्त्याच्या आराखड्यातच घालावी लागते. फरशा बसवल्यानंतर अतिक्रमणविरोधी पथक पाठवून ती घालता येत नाही.

रहिवासी आणि लहान दुकानदारांना कोणता धोका?

रस्ता सुधारला की जागेची किंमत वाढते. मोठ्या पेढीला ते परवडते. दोरा-बटणे विकणारे, घड्याळ दुरुस्त करणारे, छत्र्यांचे, पूजा साहित्याचे दुकान यांचे काय, हा प्रश्न जगभरातील अशा प्रकल्पांत उशिराच विचारला जातो. त्या जागी खाद्यपदार्थांची आणि ब्रँडची एकसारखी दुकाने आली, तर रस्ता चालण्याजोगा होईल, पण चालत जाऊन पाहण्यासारखे तिथे काही उरणार नाही.

पेठांमध्ये याला पागडीचा पदर आहे. अनेक जुन्या दुकानांना आणि बिऱ्हाडांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे केवळ बाजारभाव वाढला म्हणून त्यांना काढता येत नाही. खरा प्रश्न येतो इमारत पाडून नवी बांधताना. रस्ता सुधारला की पुनर्विकासाला वेग येतो, आणि जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत कोणत्या मजल्यावर, किती जागा मिळणार हे वाटाघाटींवर येऊन ठेपते. दुसऱ्या मजल्यावर गेलेल्या दुकानाला रस्त्यावरून चालणाऱ्या ग्राहकाचा काय उपयोग? म्हणून रस्त्याचा आराखडा आणि त्या टप्प्यातील वाड्यांच्या पुनर्विकासाची परवानगी यांचा विचार एकत्र व्हायला हवा.

रहिवाशांची काळजी आणखी वेगळी. रात्री साडेनऊला घरी परतणाऱ्याने दुचाकी कुठे लावायची? आजारी माणसाला न्यायला रुग्णवाहिका दारापर्यंत येईल का? आग लागली तर बंब आत शिरेल का? यासाठी पादचारी रस्त्यातही बंब जाईल इतक्या रुंदीची अखंड वाट मोकळी ठेवावी लागते, आणि तिच्यावर बाके, कुंड्या किंवा मांडव येणार नाहीत याची रोज खातरजमा करावी लागते. सणावारी ध्वनिवर्धक, विक्री महोत्सव यांनी रस्ता कायमचा जत्रेचे मैदान झाला, तर पादचारी जिंकतील आणि रहिवासी हरतील.

वाहने मग जातील कुठे?

या प्रश्नाचे उत्तर तीन भागांत आहे. पहिला भाग केवळ रस्ता ओलांडून पुढे जाणाऱ्या वाहनांचा. ती समांतर रस्त्यांवर जातील. पण कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता, टिळक रस्ता हेही आधीच भरलेले आहेत. त्यामुळे लक्ष्मी रस्त्याचा विचार एकट्याने करता येणार नाही. संपूर्ण मध्य भागाच्या वाहतुकीची फेरमांडणी लागेल. केवळ एक रस्ता बंद करून शेजारच्या रस्त्यावरच्या रहिवाशांच्या माथी कोंडी मारणे हा उपाय नव्हे.

दुसरा भाग ग्राहकांचा. इथे परिस्थिती बदलली आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि मंडईत स्थानक आले. तिथून तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता चालण्याच्या अंतरावर आहेत. पिंपरी-चिंचवडहून किंवा स्वारगेटला एसटीने उतरून येणाऱ्याला पेठेत गाडी आणण्याची गरज उरलेली नाही. मात्र स्थानकातून वर आल्यावर पहिल्या शंभर पावलांत त्याला वाहनांतून उड्या मारत रस्ता ओलांडावा लागला, तर पुढच्या वेळी तो दुचाकीच काढेल. कोट्यवधींची मेट्रो आणि काही लाखांचा पदपथ यांतले नाते इथे आहे.

तिसरा भाग उभ्या वाहनांचा. मंडईजवळ महापालिकेचे मिसाळ आणि आर्यन वाहनतळ, नारायण पेठेत हमालवाडा वाहनतळ आहेत. रस्त्यावर फुकट जागा आणि वाहनतळावर पैसे, अशी स्थिती असेल तर कोणीही रस्त्यावरच घिरट्या घालणार. महापालिकेने २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले, परंतु राजकीय विरोधामुळे ते मोजक्या रस्त्यांपुरते ठेवून पुढे रखडत गेले. रस्त्यावरील वाहनतळाला वेळेनुसार वाढते शुल्क आणि रहिवाशांना स्वतंत्र परवाना, या दोन गोष्टींखेरीज पादचारी रस्त्याचे गणित जुळत नाही. ज्येष्ठ आणि अपंग ग्राहकांसाठी वाहनतळापासून दुकानांपर्यंत छोट्या ई-वाहनाची फेरी ठेवता येते. बस्त्याची गाठोडी घेतलेल्या कुटुंबाची अडचण त्याने बरीच सुटेल.

निर्णय कोणाच्या हातात?

अडचण अशी, की रस्ता एक आणि मालक अनेक. पदपथ महापालिका बांधते. वाहनबंदीची अधिसूचना मोटार वाहन कायद्यानुसार वाहतूक पोलीस काढतात. रोहित्रे महावितरणची, बस पीएमपीची, स्थानक महामेट्रोचे. त्यात मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिकेवर प्रदीर्घ काळ प्रशासक राहिले. व्यापारी, फेरीवाले आणि रहिवासी यांना एका टेबलाशी बसवून तोडगा काढणारा प्रभागातील लोकप्रतिनिधी त्या काळात अधिकृतपणे नव्हताच.

पुढचा टप्पा कोणता असावा?

एक दिवस आणि बारा महिने यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. आधी महिन्यातून एक रविवार, मग प्रत्येक रविवार, मग रोज ठरावीक तास, अशा क्रमाने जाता येते. सकाळी दहापर्यंत मालवाहतूक, त्यानंतर रात्रीपर्यंत पादचारी, रहिवाशांना परवान्याने प्रवेश, अशी वेळेची वाटणी चांदणी चौकासारखी करता येईल. पहिल्या काही महिन्यांत काँक्रीट ओतण्याची गरज नाही. रंगाचे पट्टे, हलवता येणाऱ्या कुंड्या आणि बाके एवढ्यावर प्रयोग चालतो, आणि चुकले तर कमी खर्चात दुरुस्त होतो. खोदकाम करायचेच झाले तर ते तुकड्या-तुकड्याने आणि दिवाळी व लग्नसराई टाळून.

त्याचबरोबर मोजमाप हवे. प्रयोगाआधी आणि नंतर किती माणसे चालली, किती थांबली, दुकानांत किती जण शिरले, विक्रीत काय फरक पडला, शेजारच्या रस्त्यांवर किती कोंडी वाढली, याच्या नोंदी व्यापारी संघटनांच्या सहभागाने ठेवल्या तर वाद भावनेवरून आकड्यांवर येईल. विक्री खरोखर घटली तर आराखडा बदलायला हवा, आणि घटली नाही तर विरोधाची धारही बोथट होईल.

खरे तर याचे एक प्रात्यक्षिक दरवर्षी आपोआप होतेच. दिवाळीआधीच्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर इतकी माणसे असतात की वाहनाला तिथे शिरण्यात अर्थच उरत नाही. वर्षातील सर्वाधिक खरेदीच्या त्या दिवसांत बाजार पायीच चालतो आणि गल्ला भरतो. तेव्हा दुकानासमोर गाडी लागली नाही म्हणून गिऱ्हाईक परत गेल्याची तक्रार क्वचितच ऐकू येते. उरलेल्या दिवसांत तीच मोकळीक गर्दीच्या रेट्याने मिळणार नाही, ती नियमाने, सावलीने, बाकांनी, स्वच्छतागृहांनी आणि रोजच्या देखभालीने द्यावी लागेल. ११ डिसेंबरच्या छायाचित्रांपेक्षा १२ डिसेंबरला तिथे काय दिसते, यावरच महापालिकेच्या धोरणाचे मूल्यमापन व्हायला हवे.